शुभदाताईंनंतर कोण?

दोहात राहून आलेल्या दोन बायका कुठेही भेटल्या, लग्नाच्या पंगतीत म्हणा किंवा कुणाच्या बारशाला, की आधी गुडघ्यांची चौकशी होते आणि मग एक जण म्हणते, "ते आठवतं का गं?" तिथून पुढे आवरणं कठीण. हे किस्से कुणी जमवायला बसलं नव्हतं. वाळूचं वादळ येऊन गेल्यावर खिडकीच्या फटीत बारीक धूळ साचते, तसे ते साचले. पुसले तरी दुसऱ्या दिवशी तिथेच. आम्ही ते सांगतो, हसतो, आणि हसून झालं की कुणीच लगेच दुसरा विषय काढत नाही.

आमचं महिला मंडळ कतारभर पसरलेलं होतं. कतारभर म्हटलं की मोठं वाटतं. देश एवढासा, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जेवायला जाऊन संध्याकाळच्या चहाला परत येता येतं. पण शाखा होत्या, शाखाप्रमुख होत्या, लिहिलेले नियम होते. सगळ्यांचे नवरे गॅसमध्ये, तेलात, मेट्रोत, आणि त्या वर्षांत सगळ्यात जास्त स्टेडियममध्ये. वर्ल्ड कप येणार म्हणून अख्खा देश उकरून ठेवला होता.

मी सेक्रेटरी, राहायला दोहातच, अल सद्दला. अध्यक्ष शुभदाताई. त्या नाशिकच्या, तिथे बँकेत मॅनेजर होत्या. नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, इथे गॅस प्लांटवर नोकरी लागली म्हणून खुर्ची सोडून आल्या, आणि अल खोरच्या घरात बसून आमचं मंडळ बँकेसारखं चालवायला लागल्या. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे वेळही होता आणि आम्हीही होतो.

*

एका संक्रांतीला हळदीकुंकू उरकल्यावर ताईंनी सगळ्यांना माझ्या हॉलमध्ये बसवून घेतलं.

"बँकेत आम्हाला शिकवायचे," त्या म्हणाल्या, "खुर्चीवर बसलात त्या दिवसापासून पुढचा माणूस तयार करायला लागा. सक्सेशन प्लॅनिंग म्हणतात त्याला. मी बरीच वर्षं बसले आहे. माझ्यानंतर कोण?"

मग एक जण उठली. "मी जरा चटणी बघते." दुसरी म्हणाली, "तिला एकटीला सापडायची नाही." तिसरीला पाणी हवं होतं. चौथीला तिसरीशी काहीतरी बोलायचं होतं. बघता बघता हॉल रिकामा. मी तेवढी उरले, कारण मी मिनिट्स लिहीत होते.

ताईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तुझं किचन केवढं आहे गं?"

"एवढंसंच आहे, ताई. दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीला फ्रिज उघडता येत नाही."

"मग या सगळ्या आत मावल्या कशा?" ताई म्हणाल्या. "हेही लिही."

*

शेवटी केतकी सापडली. पुण्याची, आर्किटेक्ट, इथे मनासारखं काम मिळेना म्हणून घरी. नवरा एका स्टेडियमवर इंजिनिअर. हुशार, बोलायला गोड, स्वतः गाडी चालवणारी. ताईंनी तिला वर्षभर हाताशी धरून तयार केलं. हॉलची परवानगी कुणाकडून काढायची, पाहुण्यांना कुठल्या रांगेत बसवायचं, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन शाखाप्रमुखांना एका टेबलावर कसं आणायचं. "मध्ये मोदक ठेवायचे," ताई सांगायच्या. "तोंड भरलं की भांडता येत नाही."

पुढच्या संक्रांतीला कार्यक्रम ठरला. ताईंनी केतकीची ओटी भरली, तिच्या हातात माईक दिला, आम्ही टाळ्या वाजवल्या. केतकी म्हणाली, "मैत्रिणींनो," आणि रडायला लागली.

आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. ताईंनाही तसंच वाटलं. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "होतं गं असं पहिल्यांदा. बोल तू."

"ह्यांचं छप्पर झालं," केतकी म्हणाली.

कुणालाच काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. स्टेडियमचं छप्पर चढलं होतं. छपराचं काम होतं तोवर नवऱ्याची नोकरी होती. आदल्या संध्याकाळी ऑफिसात सांगितलं होतं, महिनाअखेर खलास.

तिळगूळ वाटून होईपर्यंत केतकी अध्यक्ष होती. मग ताईंनी माईक परत घेतला.

तेव्हापासून ताई उमेदवाराला अनुभव वगैरे विचारेनाशा झाल्या. पहिला प्रश्न एकच, "नवऱ्याचं स्टेडियम कुठवर आलंय?" पाया किंवा खांब म्हटलं तर पुढे बोलणी. छप्पर म्हटलं की ताई म्हणायच्या, "बरं, खीर घे अजून." टीव्हीवर एखाद्या स्टेडियमचं उद्घाटन दाखवायचे, फटाके, रोषणाई, सगळा देश आनंदात. आमच्या घरी मात्र लगेच फोन वाजायचा. "आता कोण कोण जाणार गं?"

*

दुसरी उमेदवार अपर्णा. मुंबईला मोठ्या कंपनीत एचआरमध्ये होती, उत्साह दांडगा. तिला उपाध्यक्ष केलं. तिनेच 'थोरली-धाकटी' योजना काढली. नवी बाई कतारमध्ये उतरली की जुनी बाई तिची थोरली. तिने धाकटीला रोज विचारायचं, सांभाळून घ्यायचं. कल्पना चांगली होती, ताईंना मनापासून आवडली.

अपर्णाची धाकटी उज्ज्वला. परभणीकडची, नवऱ्याबरोबर आणि लहान मुलीबरोबर उम्म सलाल मोहम्मदला राहायची. नवरा मेट्रोच्या बोगद्यांवर सर्व्हेअर. उज्ज्वलेला हिंदी जेमतेम, इंग्रजी नाही, घराबाहेर एकटी पडायची नाही.

मीटिंगमध्ये अपर्णाने रिपोर्ट दिला. "माझी धाकटी एकदम एंगेज्ड आहे. रोज सकाळी मी मेसेज करते, रोज तिचा रिप्लाय." तिने फोन दाखवला. इकडून सूर्योदय, फुलं, सुविचार. तिकडून रोज जोडलेले हात. कधी कधी, 'धन्यवाद ताई, तुम्हीही जपा.'

"छान," ताई म्हणाल्या. "मग तिला भेटूनच येऊ शुक्रवारी."

रुबीनाच्या गाडीतून गेलो. रुबीना माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधली, मूळची रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. तिची गाडी मोठी आणि मन त्याहून, त्यामुळे अर्धं मंडळ तिच्याच गाडीतून हिंडायचं.

दार उज्ज्वलेच्या नवऱ्याने उघडलं. आम्हाला बघून आत पळाला आणि शर्ट घालून आला. घरात पडदे नव्हते. एक गादी, एक कुकर, भिंतीवर मुलीने काढलेल्या रेघोट्या. उज्ज्वला दिवाळीलाच मुलीला घेऊन परभणीला गेली होती, कायमची. कंपनीने कुटुंबासाठीचा भत्ता बंद केला होता. इथलं सिम असलेला तिचा फोन इथेच राहिला होता.

"तुमचे मेसेज यायचे सकाळी," तो अपर्णाकडे न बघता म्हणाला. "मीच हात जोडायचो."

अपर्णाचा चेहरा लाल झाला. "अहो, मग सांगायचं ना. मी बंद केले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला.

*

मग तो रमझान आला, ज्यात शेजारच्या देशांनी एका सकाळी सीमा बंद केली. जमिनीवरून येणारा रस्ता बंद, बरीच विमानं बंद. दुपारपर्यंत दुकानांतलं दूध आणि कोंबड्या संपल्या. बायका ट्रॉल्या भरभरून तांदूळ नेत होत्या. वर्ल्ड कप होणार का, नोकऱ्या राहणार का, कुणालाच माहीत नव्हतं.

ताईंनी सगळ्या शाखांना निरोप दिला की कुणी घाबरायचं नाही, मंडळ आहे. कुणाकडे काय जास्त आहे, कुणाला काय हवं, ते ग्रुपवर टाका. ताईंचा आवाज सगळ्यांना माहीत होता, पण त्यांना वाटलं, हीच वेळ आहे पुढच्या माणसाला पुढे करायची. म्हणून त्यांनी अपर्णाला फोन केला. "तू बोल आज सगळ्यांशी. तुझा आवाज जाऊ दे."

अपर्णाचा व्हॉइस मेसेज आला. शांत, ठाम, अगदी अध्यक्षाला शोभेल असा. "मैत्रिणींनो, कुणीही घाबरू नका. परिस्थिती कशीही असू दे, आपण सगळ्या एकमेकींसाठी आहोत. काहीही लागलं तर मी इथे आहे."

आणि तिच्या मागे, तितक्याच शांत आणि ठाम आवाजात, दुसरी एक बाई इंग्रजीत सांगत होती की मुंबईला जाणाऱ्या प्रवाशांनी गेटकडे यावं.

तो मेसेज सगळ्यांनी ऐकला. बऱ्याच वेळाने ताईंनी ग्रुपवर लिहिलं, 'माझ्याकडे दूध पावडर आहे.'

अपर्णाला मी दोष देत नाही. तिची मुलं लहान होती. पण ती परत आली नाही.

*

त्यानंतर ताईंनी मदतीचा फोन सुरू केला. एक जुना मोबाईल, एक वेगळा नंबर, फक्त सभासदांना दिलेला. दुपारी नवरे कामावर, मुलं शाळेत, तेव्हा कुणालाही काहीही बोलावंसं वाटलं तर ताई फोन उचलणार.

सुरुवातीला कढीपत्ता कुठे मिळतो इथपासून मुलाला मराठी कसं शिकवू इथपर्यंत सगळं आलं. आणि एका मंगळवारी एक फोन आला, नंबर न दिसणारा. ताईंनी "बोल गं" म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. जरा वेळाने पलीकडची बाई म्हणाली, "चुकून लागला," आणि ठेवला.

"राँग नंबर मराठीत लागला," ताई मला म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी परत. या वेळी ती काहीच बोलली नाही, पण ठेवलाही नाही. ताईंना सुचेना काय करावं. मग त्यांनी आपण काय रांधलं ते सांगायला सुरुवात केली. डाळ कुठली घातली, काकांना मीठ कमी लागतं, खिडकीतल्या तुळशीला ऊन सोसत नाही. पलीकडे कधी नळाचा आवाज, कधी लहान मूल. एकदा एका पुरुषाची चाहूल लागली आणि फोन एकदम बंद.

ती कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ताई मीटिंगमध्ये एकेकीचा चेहरा निरखायच्या. हिचे डोळे सुजलेत का, ती आज लांब बाह्या का घालून आली. मी म्हटलं, "विचारा ना सरळ ग्रुपवर." ताई म्हणाल्या, "आणि ग्रुप तिच्याऐवजी कुणी दुसरा वाचत असेल तर?"

मग एका मंगळवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिचं सगळं ठीक झालं, का ती घरी गेली, का फोनच काढून घेतला गेला, काही कळायला मार्ग नव्हता. आम्ही जिला मदत केली किंवा करू शकलो नाही, तिचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नाही.

ताई पुढे कितीतरी महिने मंगळवारी दुपारी कुठे जायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आज कढी केली होती. सांगायचं राहिलं."

*

रुबीनाचं नाव ताईंनी स्वतः सुचवलं. मला तर ते आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. नवरा व्यापारी, कुठलं छप्पर चढो न चढो, तो इथेच. सगळ्या शाखांत ओळखी, अरबी येतं, हॉस्पिटलात कुणाला न्यायचं असलं की पहिला फोन तिलाच.

मीटिंग अल खोरला ताईंच्या घरी होती. रुबीना आम्हाला दारात सोडून गाडी लावायला गेली. तेवढ्यात ताईंनी नाव काढलं, आणि खोलीत सगळ्या आपापल्या बांगड्या फिरवायला लागल्या. शेवटी नलिनीकाकू बोलल्या. काकू आमच्यातल्या सगळ्यात जुन्या.

"ती चांगलीच आहे हो. तिच्याबद्दल कोण काय म्हणेल? पण हळदीकुंकू असतं, गणपती असतो. अध्यक्ष म्हणून आरतीला पुढे कोण उभं राहणार?"

दोघीतिघींनी माना हलवल्या. ताई म्हणाल्या, "मतदान घेऊ."

रुबीना दारात उभी होती. केव्हा आली कुणास ठाऊक. ओढणीने घाम पुसत ती म्हणाली, "मतदान नको, ताई. मी पडले तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने येऊ गो? आता येते ती बरी येते."

तो विषय तिथेच संपला. चहा झाला. ऑगस्टचं ऊन होतं, बाहेर पाऊल ठेववत नव्हतं. आम्ही सगळ्या रुबीनाच्या गाडीत बसलो, कारण दुसरी गाडीच नव्हती. नलिनीकाकू मागे मध्यभागी. अल खोर ते दोहा, दोन्ही बाजूंना नुसती वाळू.

अर्ध्या वाटेवर रुबीनाने आरशातून मागे पाहिलं. "काकू, एसी लागतो ना नीट?"

"लागतो," काकू म्हणाल्या.

*

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात रुबीनाची आई गावी वारली. विमानं बंद होती. रुबीना इथे, नवरा दुकानाच्या कामाने गावाकडे गेलेला तो तिकडेच अडकलेला, मुलं शिकायला बाहेर. आम्हाला एकमेकींच्या घरी जायची बंदी. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये, आणि तिच्या दाराशी उभी राहू शकत नव्हते.

ताईंनी व्हिडिओवर मीटिंग लावली. विषय लिहिला नाही. सकाळी रुबीनाने फोन उघडला तर स्क्रीनवर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक बाई. बोलायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. ताईंनी सांगून ठेवलं होतं, "बोलू नका. नुसत्या असा." म्हणून आम्ही होतो. कुणी भाजी निवडत होती, कुणी कपड्यांच्या घड्या घालत होती. दुसऱ्या फोनवर रुबीनाचा भाऊ तिला गावचं दाखवत होता. ती तिकडे बघायची, रडायची, मग आमच्याकडे बघायची.

दुपार झाली तशा एकेक चौकटी मिटायला लागल्या. मुलांची जेवणं, नवऱ्यांच्या मीटिंगा. नलिनीकाकू मात्र सकाळपासून हलल्या नव्हत्या. डोक्यावरून पदर, हात मांडीवर, ओठ सारखे हलत होते.

रुबीना म्हणाली, "काकू, तुम्ही म्यूटवर आहात. काही ऐकू येत नाही."

काकूंनी चाचपडत बटण दाबलं. "तुला ऐकवायचं नव्हतंच गं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्यूट केलं.

आमच्या मंडळाचा एवढा एकच कार्यक्रम मला आठवतो, ज्यात काही चुकलं नाही.

*

सगळं उघडल्यावर ताईंनी शेवटचा जोर लावला. समैस्माला समुद्राकाठी एक व्हिला घेऊन दिवसभराचं नेतृत्व शिबिर. सगळ्या शाखांना बोलावलं. स्टँडवर मोठा कागद लावला आणि वर मार्करने लिहिलं, 'पाच वर्षांनी मंडळ कुठे असेल?'

आलो आम्ही चौघी. ताई, रुबीना, नलिनीकाकू आणि मी. शिवाय माझी मुलगी, तिला घरी ठेवायची सोय नव्हती म्हणून. बाकीच्यांच्यात कुणाचं सामान बांधणं चाललं होतं, कुणाचं विकणं. स्टेडियमं एकामागून एक पुरी होत होती.

ताईंनी तरीही शिबिर सुरू केलं. वेळेवर. "बोला," त्या म्हणाल्या.

रुबीना कागदाकडे बघत राहिली. "ताई, मंडळाचं नंतर बघू. आधी आपण कुठे असू ते लिहा."

ताईंनी लिहिलं. काकू, पुणे. ताई, नाशिक. रुबीना म्हणाली, "दुकान चालत नाही आता, रत्नागिरीच लिहा." मी म्हटलं, माहीत नाही. तेही त्यांनी लिहिलं, सुंदर अक्षरात, बँकेतल्यासारखं. कागदावर कतार हा शब्द कुठेच नव्हता.

माझी मुलगी वाळूत खेळून आत आली. कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची इंग्रजीच.

"आई," ती म्हणाली, "इज धिस द होल मंडळ?"

*

काकांची निवृत्ती वर्ल्ड कपच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आली. नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो. ताईंनी जायच्या दोन दिवस आधी माझ्या घरी निवडणूक लावली. नियमाप्रमाणे, गुप्त मतदान. उरल्यासुरल्या सगळ्या आल्या, एका सोफ्यावर आणि चार खुर्च्यांवर बसतील एवढ्या. पुऱ्यांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या.

ताई एकेक चिठ्ठी उघडून वाचायला लागल्या. "शुभदा." "शुभदा." "शुभदाताई." "ताई."

त्यांनी डबा खाली ठेवला. "अगं, मी परवा जाते आहे."

"मग काय झालं गो?" रुबीना म्हणाली. "इथे असतात त्या तरी कुठे असतात?"

ताई माझ्याकडे वळल्या. "नियम काय सांगतो? अध्यक्ष कतारमध्ये राहणारी असावी, असं आहे?"

नियम ताईंनीच केले होते. मी सगळे पुन्हा पाहिले. तसं कुठेही लिहिलं नव्हतं. लिहावं लागेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ताईंनी चिठ्ठ्या एकावर एक नीट रचल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "हे प्लॅनिंग नाही गं. ही तर हार आहे." आणि पद स्वीकारलं.

*

नाशिकला गेल्यावर दीड-दोन महिन्यांत काका गेले. झोपेतच. मला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. मी फोन केला, तर ताईंनी माझंच सांत्वन केल्यासारखं केलं आणि विचारलं, "मंडळाचं काय चाललंय?"

त्यानंतर त्या दर रविवारी फोन करायच्या. मी नावं सांगायची, त्या एकेकीची चौकशी करायच्या. हिच्या पाठीचं काय झालं, तिच्या मुलाला शाळा मिळाली का. नलिनीकाकू पुण्याला गेल्या. दिवाळीनंतर रुबीनाने दुकान मिटवलं आणि तीही गेली. विमानतळावर ती मला म्हणाली, "ताईंना आताच सांगू नको गो." मी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात ताईंचा फोन आला. आवाजात जुनी धार होती. "रविवारी वर्ल्ड कप सुरू होतोय. सगळ्यांना तुझ्याकडे बोलव. आपल्या नवऱ्यांनी बांधलेलं आहे ते, एकत्र बसून बघा. मी फोनवरून अध्यक्षस्थानी असेन."

मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्या "इन्शाल्ला" म्हणाल्या. इथे राहून ते आमच्याही तोंडात बसलं होतं. मग एकेकीचे मेसेज यायला लागले. एकीला मॅचचं तिकीट मिळालं होतं. एकीकडे पाहुणे उतरले होते. एकीच्या नवऱ्याचं काम मागच्याच आठवड्यात संपलं होतं आणि ती पेट्या भरत होती. एकीने काहीच कळवलं नाही.

मी बटाटेवडे केले होते. नवरा मेट्रोवर ड्युटीला, मुलगी मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर समुद्राकडे. खाली रस्त्यावर हॉर्न, ढोल, सगळ्या देशांचे झेंडे. मी टीव्ही लावून आवाज बारीक करून बसले होते.

ठरल्या वेळी ताईंचा फोन आला.

"जमल्या का सगळ्या?"

मी हॉलभर नजर टाकली.

"जमल्यात, ताई."

"मग आवाज कसा नाही?"

मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला, पार शेवटपर्यंत. स्टेडियममधली माणसं एका सुरात ओरडत होती, हजारोंनी. काचा थरथरायला लागल्या. मी फोन टीव्हीसमोर धरून उभी राहिले.

ताई ऐकत होत्या. किती तरी वेळ. मी फोन कानाला लावला तेव्हा त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बऱ्याच आल्यात गं," त्या म्हणाल्या. "करा मग सुरू."